फुकटचं ॲप घेऊन हिंडताना

फुकट द्यायची वस्तू घेऊन तुम्ही कधी दारोदार हिंडलाय का? मी हिंडले. त्यातून इतके किस्से साठलेत की सांगायला बसलं की चहा गार होतो.

माझ्या धाकट्या भावानं, सुहासनं, दृष्टी नसलेल्यांना मोबाईलवर मराठी वाचून दाखवणारं ॲप केलं. सगळं खुलं. कुणीही घ्यावं, दुरुस्त करावं, भर घालावी. गेल्या वर्षी सुहास आजारानं गेला. ॲप बंद पडू नये म्हणून मी आणि त्याचा मित्र इरफान माणसं नि मदत शोधायला निघालो. मी बारावीपर्यंत शिकलेली, कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही!

*

शाहूपुरीतले एक दुकानदार म्हणाले, "फुकट हाय? मग खोट काय हाय त्यात?"

इरफान म्हणाला, "हायत की खोटी! त्या काढायलाच माणसं हुडकतोय."

*

दुसरे एक शेठ तयार झाले. "फक्त ॲप उघडलं की माझा फोटो दिसला पायजे. फ्लेक्सवर असतोय तसा, गॉगल घालून."

"शेठ, वापरणाऱ्यांना दिसत न्हाय."

शेठ म्हणाले, "मग दर पानाला माझं नाव घेऊ दे की!"

*

कॉलेजात सर्टिफिकेट मिळणार म्हटल्यावर वर्ग भरला. प्रत्येकानं एकेक शब्द दुरुस्त केला, सर्टिफिकेट घेतलं नि गेला. पुढं एकीचा फोन आला. मला वाटलं, आली परत!

"काकू, सर्टिफिकेटवर माझं नाव चुकलंय."

*

ॲपमधला आवाज सुहासचाच. कुरुंदवाडच्या जोतिराममामांना दिसत नाही. ते रोज ऐकतात आणि चुका कळवतात. एकदा म्हणाले, "अक्का, सुहास 'ळ'ला अडखळतोय बघा."

इरफाननं रात्रभर बसून ते नीट केलं. सकाळी मामांचा फोन. "आता बरा हाय सुहास!"

मी "व्हय" म्हणाले आणि फोन ठेवला.

*

शेवटी पुण्याची एक कंपनी तयार झाली. खर्च उचलणार, माणसंही देणार. अट एकच, आवाज बदलायचा. स्टुडिओतल्या बाईचा, सगळ्या महाराष्ट्राला चालेल असा.

मी आईला विचारलं. आईला चष्म्यानं चांगलं दिसतं, तरी रोजचा पेपर ती ॲपकडूनच ऐकायची.

"ॲप चालू ऱ्हाईल न्हवं?"

"व्हय."

"मग मला काय विचारतीस? कर सही."

संध्याकाळी इरफाननं आवाज बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चष्मा लावला आणि पेपर स्वतःच वाचला.