बिगुलावरचं नाव

पलटणीच्या संग्रहालयात वर्ष मोजायची रीत वेगळी होती. पलटणीच्या स्थापना दिनाला वर्ष उघडायचं आणि पुढच्या स्थापना दिनाला मिटायचं. त्या दिवशी जुन्या सैनिकांची कुटुंबं यायची. कुणी आधी कळवलं असेल, तर त्यांच्या माणसाची वस्तू काचेच्या कपाटातून काढून त्यांच्या हातात द्यायची. एरवी कुणाचा हात लागायचा नाही.

हवालदार तिथे कामाला लागला तो अशाच एका स्थापना दिनाच्या दुसऱ्या दिवशी. बावीस वर्षं पलटणीत काढून घरी बसलेला माणूस. रिकामपणी तो स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायला लागला, तेव्हा बायकोनेच पिटाळलं. "तिकडे जाऊन तोफांना सावधान करा. माझ्या डब्यांना जरा विश्राम मिळू दे."

संग्रहालयाच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, बस. घासायचं काहीच नाही."

"होय, मॅडम."

होय म्हणाला खरा. पण तिसऱ्या कपाटातलं पितळी बिगूल दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. काळपट, डागाळलेलं. असल्या पितळेपायी त्याने शिपायांना भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावलं होतं. काळं पितळ म्हणजे पलटणीच्या तोंडाला काळं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. सोमवारी संग्रहालय बंद असायचं, मॅडम नसायच्या. त्याने घरून पितळ घासायची पावडर नेली. पहिल्या सोमवारी चिमूटभर, पुढे सवयच झाली. बिगूल इतकं हळूहळू उजळलं की रोज बघणाऱ्या मॅडमच्याही ध्यानात आलं नाही.

स्थापना दिनाला पंधरा दिवस उरले आणि मॅडमनी पत्र वाचून दाखवलं. बिगुलवाल्याची मुलगी येणार होती. वडील लढाईत गेले तेव्हा ती पोटात होती. घरचं सगळं पुढे पुरात वाहून गेलं, एक फोटोसुद्धा राहिला नाही. बिगुलाच्या तोंडाशी वडिलांनी खिळ्याने स्वतःचं नाव कोरलेलं आहे, असं आई सांगायची. सत्तरीला आल्यावर तिला कळलं की ते बिगूल इथे आहे.

"तेवढ्या अक्षरांवर एकदा बोट फिरवायचंय, असं लिहिलंय बाईंनी," मॅडम म्हणाल्या.

कपाटाशी जाऊन हवालदाराने भिंग लावलं. पहिलं अक्षर अर्धं, शेवटच्याची शेपटी. मधे लखलखीत पितळ. ते ओरखडे म्हणजे नाव आहे, हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

त्या दिवसापासून तो ताट अर्धं टाकून उठायला लागला. तीन दिवस बायकोने बघितलं. चौथ्या दिवशी समोर ठाण मांडून बसली. "काय केलंत ते सांगा. तोंडावर लिहिलंय, फक्त मला वाचता येत नाहीये."

त्याने सांगितलं. ती म्हणाली, "मॅडमना सांगा."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. डबे आहेतच."

तरीही त्याने सांगितलं नाही. स्थापना दिनाच्या आधीच्या सोमवारी तो खिळा घेऊन गेला. संग्रहालयाच्या नोंदवहीत बिगुलाचा जुना फोटो होता, त्यात नाव स्पष्ट दिसत होतं. तसंच कोरायचं, वरून थोडी माती चोळायची. कुणाला कळणार? त्याने बिगूल मांडीवर घेतलं, खिळा टेकवला. हात कापत नव्हता, याचंच त्याला भय वाटलं. ती म्हातारी बाई यावर बोट फिरवील, डोळे मिटील, आणि बापाचा म्हणून आपला हात धरील. माणसाला फसवता येतं, पण वरच्याला काय सांगायचं? त्याने खिळा उचलला. पितळेवर टिंबाएवढी खूण राहिली.

मॅडमना त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. "नोकरीचं मी नंतर बघते," त्या म्हणाल्या. "बाईंना मात्र तुम्हीच सांगायचं. मी शेजारी उभी राहीन, बोलणार नाही."

स्थापना दिनाला बाई आल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, हातात काठी. बिगूल टेबलावर ठेवलेलं. त्यांनी हात पुढे केला तोच हवालदार म्हणाला, "बाई, थांबा. नाव राहिलं नाही. मी घासून घालवलं."

हात तिथेच राहिला. "किती दिवस घासत होता?"

"वर्षभर. दर सोमवारी."

"घासू नका म्हणून कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

बाई खुर्चीत बसल्या. काठी आडवी मांडीवर घेतली. "वडिलांनी नाव कोरलं म्हणून त्यांच्या हवालदाराने त्यांना शिक्षा दिली होती. सरकारी वस्तू खराब केली म्हणून. घासून काढ म्हणाला. आठ दिवस पाठीवर ओझं घेऊन पळाले, पण काढलं नाही. आई हसत सांगायची." त्यांनी त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही कोण होता पलटणीत?"

"हवालदार," तो म्हणाला.

मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला, तो बाईंनी घेतला नाही. उरलेल्या अर्ध्या अक्षरावर त्यांनी बोट ठेवलं. मग पलीकडे टिंबाशी अडखळल्या. "हे काय?"

"ते माझं. खोटं नाव कोरणार होतो. नाही कोरलं."

बाईंनी टिंबावरचं बोट उचललं नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तशी लेखी तक्रार वर पाठवते."

"तक्रार नको. माफही करत नाही मी, आज तरी नाही. कपाटात कार्ड असतं ना, त्यावर लिहा. इथे नाव होतं, त्यांनी शिक्षा भोगून ते राखलं होतं. आणि पुढे काय झालं तेही. यांच्याच हाताने लिहून घ्या."

हवालदाराने टेबलाशी बसून लिहिलं. शेवटची ओळ होती : 'नंतर हे नाव साफसफाईत गेलं.' बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि कार्ड त्याच्यापुढे सरकवलं.

"कुणी घालवलं, ते राहिलं."

त्याने पेन पुन्हा उचललं आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.