साडूभाऊंची पेटी

आमच्या साडूभाऊंइतका सावध माणूस जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत दुसरा सापडायचा नाही. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले, पण नजर अजून हजेरी घेणाऱ्याचीच. खोडाळ्याच्या बाजाराला गेले की मोटारसायकलला कुलूप लावतील, ते ओढून ओढून पाहतील आणि वर गाडीचा प्लग काढून खिशात ठेवतील. एकदा तो प्लग चुकून नागलीच्या पिशवीत पडला आणि पिशवी बहिणीबरोबर पोशेऱ्याला गेली. साडूभाऊ जीपने घरी आले, गाडी रात्रभर बाजारात उभी. मी काही बोलायच्या आत मलाच विचारलं, "पण गेली का चोरीला?"

त्यांच्या साखरशेत गावात कुणाचंही लग्न असो, गाणी साडूभाऊंच्या आईच म्हणायच्या, तीही घरच्या बोलीत. त्या थकल्या तेव्हा साडूभाऊंनी त्यांना ओटीवर बसवून सगळी गाणी फोनवर रेकॉर्ड केली. पुढे आई गेल्या आणि या माणसाची सावधगिरी आणखीच वाढली. गाणी इंटरनेटवर कुठेतरी ठेवा म्हटलं तर म्हणाले, "परक्याच्या कणगीत आपलं भात कशाला?" शेवटी राउटरला जोडायची, फायली घरातच साठवणारी एक पेटी आणली, गाणी तीत भरली आणि इकडेतिकडे प्रत नको म्हणून फोनमधली पुसून टाकली.

मग नाशिकला नर्स असलेल्या मुलीचं लग्न ठरलं. तिला आजीची गाणी शिकून घ्यायची होती. साडूभाऊंनी व्हिडिओ बघून बघून पेटीवर व्हीपीएन बसवलं, म्हणजे बाहेरून घरातल्या पेटीपर्यंत यायची खाजगी वाट. आधी स्वतःच्या फोनवर जोडून घेतलं, मुलीचा फोन जोडायचा बाकी होता. तिथे थांबतील तर ते साडूभाऊ कसले. त्यांनी वर एक नियम घातला: या वाटेने येईल त्यालाच आत घ्यायचं, बाकी कुणालाही नाही. पेटी त्यांच्याहून कडक निघाली. शेजारी घरच्या वायफायवर बसलेल्या साडूभाऊंनाच तिने दार लावून घेतलं.

मी पोचलो तेव्हा ते जेवलेही नव्हते. केबलवाल्याने मागचं बटण दाबून धरायला सांगितलं होतं. "समदं पुसलं गेलं तर?" असं म्हणत ते पेटीवर हात ठेवून बसले होते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग हळूच म्हणाले, "माज्या आयला मीच कोंडली ओ." मला फार वाईट वाटलं. वायफायवरूनच मुलीला फोन लावला. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, ती वाट बाहेरून येणाऱ्यासाठी आहे, घरात बसून नाही जमायचं. बाहेर जा, मोबाईलची रेंज येते तिथे, आणि तिथून त्या वाटेने आत या."

आपल्याच घरात शिरायला आधी घराबाहेर पडायचं, हे त्यांना पटेपर्यंत चहा झाला. मग माझ्या गाडीवरून जव्हारच्या रस्त्याला लागलो. चढावर रेंज आली. व्हीपीएन जोडलं गेलं आणि पेटी मुकाट्याने उघडली. गाणी सगळी जागेवर होती. मला इतकं हायसं वाटलं की मी रस्त्याकडेलाच बसकण मारली.

आता तो नियम काढून टाकला की काम झालं असतं. पण साडूभाऊंनी आधी एक गाणं लावलं. गाणं संपलं आणि रेकॉर्डिंगमध्येच आईंनी विचारलं, "झाला का रे? का आजून म्हणू?"

तेवढ्यात घरून त्यांच्या बायकोचा फोन आला. पेटी उघडली का, म्हणून विचारत होती.

"नाय आजून," साडूभाऊ म्हणाले. "जरा येळ लागंल."

मग ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि पुढचं गाणं लावलं.