आधी सही मी केली

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजापेठेत मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात उभी होते. दुकानदार सांगत होता, उद्या या. आणि फोनवर दादा, आमचा मोठा भाऊ, सांगत होता की तिनं ताप अंगावर काढला, अकोल्याला नेईपर्यंत उशीर झाला. मी दोघांनाही "बरं" म्हणाले. पाच आठवडे झाले त्याला. हातातलं काम टाकून उठते, कशाला उठले ते आठवत नाही... पुन्हा बसते.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. माहेर धामणगाव रेल्वेजवळचं, काळ्या जमिनीचं. सातवीनंतर तिची शाळा सुटली. कापूस वेचायला घरचे हात हवे होते आणि माझी शाळा चालू ठेवायची होती. तिला कुणी विचारलं नाही. मी शिकले, शिक्षिका झाले, अमरावतीत घर झालं. ताई सतराव्या वर्षी मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात गेली. चार एकर कोरडवाहू शेत आणि ऊठसूट हात उगारणारा नवरा.

बाबा गेल्यावर दादानं हक्कसोडाचं काढलं. बहिणींनी वडिलांच्या शेतातला आपला हिस्सा भावाला लिहून द्यायचा, त्यानं साडीचोळी करायची, माहेर राखायचं. आमच्याकडे ही रीतच आहे. वर्षंही वाईट होती. कापूस पिकला तर भाव नाही, भाव आला तर पाऊस नाही. दादाचा उतरलेला चेहरा बघवत नव्हता. रजिस्ट्री ऑफिसात मी पहिली सही ठोकली आणि वर म्हणाले, मला काय करायचं वावर? सगळ्यांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. ताई मात्र पेन धरून नुसती बसून होती. मी तिच्या कानाशी लागले. "कर ना ताई, लोक पाहून राहिले."

तिनं सही केली.

चार वर्षांनी ती पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून माझ्याकडे आली. मनगट सुजलेलं, सोबत सहा वर्षांची पूजा. आधी दादाकडे जाऊन आली होती. तिथं वहिनीनं चार दिवस राहा म्हटलं होतं, आणि पाचव्या दिवशी कुणी काही म्हटलं नव्हतं. मी तापलेच. महिला दिनाला शाळेत बायकांच्या हक्कांवर भाषण मीच करते. मी कायदा सांगितला, पोलीस ठाण्यात चल म्हणाले. ताईनं चहा संपवला, कप विसळून पालथा घातला.

"तक्रार देतो मी. पण ठेसनातून निघून जाऊ कुठी? एकदोन एकर माह्या नावावर असतं, तं तिथं टिनाचं खोपडं टाकून राह्यली असती. कोणाले भेली नसती."

मग थोड्या वेळानं, पूजाच्या केसांतून फणी फिरवत म्हणाली, "तू सही केली नसती ना, तं मीबी नसती केली."

रागानं नाही म्हणाली. राग केला असता तर भांडता आलं असतं मला. तिसऱ्या दिवशी मीच दोघींना गाडीत बसवून दिलं. माझ्या घरात नवरा, सासू, कुणी मला एका शब्दानं बोललं नव्हतं. बोलतील, याचीच धास्ती होती.

तेरवीला गेले तेव्हा ताईचा नवरा ओसरीवर पाहुण्यांशी पूजाच्या स्थळाचं बोलत होता. पोरगी पंधरा वर्षांची आहे! मी आतल्या खोलीत गेले. पूजानं धान्याच्या कोठीमागून रेक्झिनची एक पिशवी ओढून काढली. आत एक लुगडं, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि वर घडी केलेला पंजाबी ड्रेस.

"आई भरूनच ठेवे हे," ती म्हणाली. "मी वाढली का लहान झालेला फ्रॉक काढे अन् माह्या मापाचा ठेवे."

म्हणजे नऊ वर्षं ताई निघण्याच्या तयारीत होती. दर वर्षी... मी ड्रेस उचलून पाहिला. तो पूजाच्या आताच्याच मापाचा होता. मला रडू आवरेना. तिचा हात धरून म्हटलं, चल माझ्याकडे.

"किती दिवस, मावशी?" पूजानं विचारलं.

कायमची, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "घरी विचारून सांगते."

पूजानं मान हलवली. ड्रेसची घडी नीट केली, पिशवीची चेन लावली आणि ती परत कोठीमागे ठेवून दिली.