चार नंबरवरचा नारळ

कोणी काही लागट बोललं की ती आधी कानातला कापूस काढायची. मशीनच्या आवाजापायी आम्ही सगळ्याच कानात कापूस घालायचो. दोन्ही बोळे ती मुठीत धरायची, बोलणाऱ्याकडे वळायची आणि म्हणायची, "परत म्हना. समद्यांसमोर म्हना."

लोक परत म्हणत नसत. तुम्हीही पाहिलं असेल, घाण बोलणारा एकदा सहज बोलून जातो. दुसऱ्यांदा बोलायचं तर त्याचीच जीभ अडते.

नगरच्या नागापूर एमआयडीसीत टोमॅटोचे प्लास्टिक क्रेट बनवणारा आमचा कारखाना. ती मणिपूरची. बहीण इथे नर्स होती, तिच्यामागे आली आणि राहिली. शेजारच्या खोलीत पाथर्डीचं कुटुंब होतं, मराठी त्यांच्याकडून शिकली. त्यामुळे तिने तोंड उघडलं की आतून पाथर्डीच बाहेर पडायची. रिक्षावाला हमखास विचारायचा, तुम्ही कुठल्या? "नागापूरची. का, भाड्यात फरक पडतो व्हय?"

मी गडचिरोलीकडची. शाळा आठवीत सुटली. माझं बोलणं ऐकून तीच मला हसायची. "म्हाराष्ट्राची तू हायेस का मी?"

सुपरवायझर तिला 'चायना' म्हणायचा आणि मला 'नक्षली'. नक्षली, झाडू घे. नक्षली, तिकडचं तेल पूस. मी हसायची. घरापासून इतक्या लांब आपल्याला कोणी कामावर ठेवलं, हेच मला मोठं वाटायचं. आई फोनवर रोज विचारायची, नीट वागतेस ना? नीट वागणं म्हणजे हसणं, असं मी धरून चालले होते.

"जाऊ द्या ना ताई, मजाक करून राहिले ते," मी एकदा तिला म्हटलं.

"मजाकीत दोघं हसत्यात. तू हसत न्हाईस, दात दाखवतीस," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, नुसतं ऐकू नको, झाडू कुणाच्या हातात जातो ते बघ.

मी बघायला लागले. झाडू माझ्याकडे यायचा, नाहीतर झारखंडच्या पोरींकडे. उन्हाळ्यात मशीनच्या तापलेल्या बाजूला उभं कोणाला करतात, तर आम्हालाच. आणि ती? चार नंबरचं मशीन कित्येक वर्षं तीच चालवायची. तिच्या हाताखाली शिकलेले ऑपरेटर झाले, ती आमच्यासारखीच ठेकेदाराकडची हेल्पर. गंमत म्हणून जे सोडून दिलं होतं, ते सगळं कामाच्या वाटणीत उतरलं होतं. एकदा दिसल्यावर ते पुन्हा न दिसल्यासारखं करता येईना. माझी झोप उडाली. भीतीने नाही, रागाने.

चार नंबरला ती सासू म्हणायची. "सासू तापलीया, हिला आधी पानी पाजू." कूलिंगचा नळ सोडून मशीनच्या अंगावर थाप मारायची.

आमच्याकडे खंडेनवमीला जो जे मशीन चालवतो, तोच ते धुतो, हळदीकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो आणि नारळ फोडतो. ती चर्चमध्ये जाणारी, पण सासूचा नारळ तीच फोडायची, एका घावात. कधी कोणाला खटकलं नाही.

त्या वर्षी मालकांचे पाहुणे येणार होते, फोटो काढायचे होते. सकाळी आम्ही दोघींनी मशीन धुऊन पुसून लख्ख केलं. हार चढवला. तेवढ्यात सुपरवायझर आला. तुम्ही दोघी स्टोअरमध्ये बसा म्हणाला. चार नंबरपाशी पॅकिंगमधल्या एका पोराला उभं केलं. त्याने त्या मशीनला कधी हात लावला नव्हता.

तिने नारळ खाली ठेवला. सवयीने घातलेला कापूस काढला. "का बसायचं? परत म्हना. समद्यांसमोर म्हना."

आणि तो म्हणाला. सगळ्यांसमोर, मोठ्याने. "चायना आणि जंगली फोटोत नको. कंपनीची शोभा जाते." वर हसला. त्याच्याबरोबर बाकीचेही हसले. तिच्या डब्यातलं खाणारे, तिच्याकडून काम शिकलेले, सगळे.

तिच्या मुठीत कापूस तसाच राहिला. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा झालं होतं. तिने नारळ उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ऐकलंस ना? बास."

बाईमाणसाला कोर्टात फुकट वकील मिळतो, हे तिला चर्चमधल्या कोणीतरी सांगितलं होतं. आम्ही गेलो. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ठेकेदाराकडच्या असलात तरी असं बोलून बाजूला बसवता येत नाही, तक्रार केली म्हणून काढलं तर तेही बेकायदेशीर, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, साक्षीला कोण?

ती दारोदार फिरली. त्या दिवशी म्हणे कोणाला काही ऐकूच आलं नव्हतं. मशीनं बंद, पूजेची वेळ, हसण्याचा आवाज गेटपर्यंत गेलेला. तरी म्हणे सगळ्यांच्या कानात कापूस होता. मला अजून त्या तोंडांकडे बघवत नाही.

तक्रार गेली आणि ठेकेदाराने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. वकीलबाईंनी तेही तक्रारीत जोडलं. पोट भरायला ती पुण्याला गेली. तारखेला एसटीने यायची.

कामगार कार्यालयात माझा जबाब झाला. तिथल्या साहेबांनी विचारलं, नेमके शब्द काय होते? मी खाली बघत पुटपुटले. ऐकू आलं नाही म्हणाले. सुपरवायझर समोरच बसला होता. उद्या कामावर त्याच्याच पुढ्यात उभं राहायचं होतं. मी तिच्याकडे पाहिलं.

"परत म्हन," ती म्हणाली. माझ्याशी इतक्या मऊ आवाजात ती कधी बोलली नव्हती. "समद्यांसमोर म्हन."

मी म्हटलं. चायना म्हटलं, जंगली म्हटलं, शोभाही म्हटलं. साहेब लिहीत होते. सुपरवायझर या वेळी हसला नाही.

निकाल अजून लागलेला नाही. मला त्यांनी काढलेलं नाही, वकीलबाईंची नोटीस ठेकेदाराकडे पोचली आहे. झाडू आता पाळीने फिरतो. चार नंबरवर मी असते, हेल्पर म्हणूनच.

तिचा तो नारळ मी मशीनमागच्या फळीवर ठेवलाय. गेल्या खंडेनवमीला सुपरवायझर म्हणाला, जुना झाला, फेकून दे. मी त्याला म्हटलं, ज्याचं मशीन त्याचा नारळ, ती येईल आणि फोडेल.

पाळी संपली, मशीन थांबलं की मी कापूस काढते आणि नारळ कानाशी धरून हलवते. आत वाजतं अजून.