पुढचा डावा पाय

मी घर सोडलं त्या सकाळी बाबांनी मला टांग्याच्या मागच्या सीटवर बसवलं. तोवर मी कधीच मागे बसलो नव्हतो. टांगेवाल्याच्या घरचं माणूस पुढे बसतं, हाकणाऱ्याच्या शेजारी. मागे सवारी बसते, घोड्याकडे पाठ करून. मी सवयीनं पुढे चढायला लागलो तसा बाबांनी चाबकाच्या दांड्यानं मागची सीट दाखवली. "तू आज जानारा हायेस. जानारा मागं बसतो."

त्यामुळे मुर्धा गावाच्या अलीकडच्या आमच्या घरापासून भाईंदर स्टेशनपर्यंत मी उलटा बसून गेलो. दारात उभी असलेली आई, अंगणातला पेंढ्याचा ढीग, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंची मिठागरं, सगळं लहान लहान होत गेलेलं पाहिलं. आई वळणापर्यंत दिसत होती. स्टेशन कधी आलं ते मात्र कळलंच नाही, घोडा थांबला तेव्हा समजलं.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी तेरा वर्षांचा होतो. बाबांच्या ओळखीचा एक सईस महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांची निगा राखायचा. हलक्या पोरांना तिकडे काम मिळतं, नशीब असलं तर जॉकीही होता येतं, असा त्याचा निरोप होता. म्हणून आदल्या आठवड्यात बाबांनी मला शांतिभाईंच्या दुकानात नेऊन धान्याच्या काट्यावर तोललं. शांतिभाई हसले, "अरे, आ तो ज्वारीच्या गोणीपेक्षा पण हलका छे!" ते ऐकून बाबांना आनंद झाला आणि आईला रात्री जेवण गेलं नाही.

हे मी टांगा स्टँडवरच्या तुम्हा लोकांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे जे भाईंदर सोडून गेले त्यांच्यासाठीही. तुमच्यापैकी काहींनी पुढे मला पाहून "उतरला रे उतरला" अशी आरोळी ठोकली होती. कोणी कोणी, तेही माझ्या लक्षात आहे. मी विसरणाऱ्यांतला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

घोड्याबद्दल मला जे काही येत होतं ते बाबांचं. कुलाबा जिल्ह्यातून ते भाईंदरला आले ते एक घोडा आणि दोन कानमंत्र घेऊन. पहिला, "घोडं थांबलं की आधी त्याचा तंग ढिला, मंग आपलं पानी." तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळलेला पट्टा. दुसरा, "लंगडत्या घोड्यावर बसनारा मानूस न्हाय." रस्त्यात घोडा जरा जरी लंगडला तरी बाबा सवारीसकट सगळ्यांना खाली उतरवायचे, मग ती सवारी फौजदाराची का असेना. या दोन्ही गोष्टी मी मुंबईला घेऊन गेलो. दुसरीनं माझा घात केला.

तबेल्याच्या ट्रेनरला सगळे कर्नल म्हणायचे. तो फौजेत कधी गेला नव्हता, मिशा तेवढ्या फौजी होत्या. त्यानं पहिल्याच दिवशी माझं नाव विचारलं, बाप काय करतो ते विचारलं, आणि तेव्हापासून मला 'टांगा' म्हणायला लागला. पाच वर्षं मी तिथं लीद काढली, घोडे घासले, पहाटेच्या सरावात त्यांना पळवलं. वजन वाढू नये म्हणून रात्री अर्धी भाकरी खायचो आणि आईनं पाठवलेली सुकी मासळी नुसती हुंगून सईसाला देऊन टाकायचो. शेवटी मला जॉकीचं लायसन मिळालं.

एका रविवारी कर्नलनं मला लेडी पर्ल नावाच्या घोडीवर बसवलं. तबेल्यात आम्ही तिला मोती म्हणायचो. आम्ही जिंकलो. तसं ते कुणाच्या हिशेबात नव्हतं, माझ्यासुद्धा नाही. शेवटचा खांब ओलांडून थोडं पुढे गेलो असू नि मोतीची मान हलायला लागली. प्रत्येक पावलाला खाली, वर, खाली, वर. मी खाली उतरलो. लगाम धरून तिला हळूहळू चालवत आणलं.

आता नियम असा होता की, रेस संपल्यावर जॉकीनं घोड्यावर बसूनच वजनकाट्याजवळच्या ठरलेल्या जागी यायचं आणि तिथंच उतरायचं. आधी उतरला तर जिंकलेली रेस बाद. घोड्याला खरोखर इजा झाली असेल तरच माफी. हे मला पाठ होतं. पण मोतीची मान हलली तेव्हा मला नियम आठवला नाही, बाबा आठवले.

पंचांनी चौकशीला बोलावलं. विचारलं, "कुठला पाय?" मी म्हणालो, "पुढचा उजवा." घोड्यांच्या डॉक्टरनं उजवा पाय दाबला, वाकवला, खूर ठोकून पाहिला. घोडी शांत उभी. मग कर्नलला विचारलं. तो म्हणाला, घोडी ठणठणीत आहे, मी स्वतः पाहिलंय. वर हसून म्हणाला, "टांगेवाल्याचा मुलगा आहे. स्टेशन आलं असं वाटलं असेल." पंच हसले. डॉक्टरही हसला आणि त्यानं दुसऱ्या पायाला हात लावला नाही.

कर्नल का खोटं बोलला ते चौथ्या दिवशी कळलं. मोतीचा सौदा एका शेटजींशी आधीच ठरला होता आणि लंगडी घोडी कोण घेणार? ती शेटजींच्या नावावर झाली, तबेला तोच राहिला. महिन्याभरानं कर्नलनं नव्या मालकाला कळवलं की सकाळच्या सरावात तिचा पाय गेला. मोती परत कधी धावली नाही. मला एका हंगामाची बंदी झाली, आणि ती संपल्यावरही कोणत्याही ट्रेनरनं मला घोड्याजवळ उभं केलं नाही.

बंदी लागली त्याच आठवड्यात मी भाईंदरला आलो. बाबा स्टँडवर घोड्याला खरारा करत होते. शेजारी तुम्ही चारपाच जण. मी सगळं सांगितलं, कर्नलला शिव्या घातल्या. बाबांनी कर्नलबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "मान कवा खाली जात व्हती?"

"उजवा पाय टेकला की."

बाबांनी खरारा खाली टाकला. "मंग डावा रं! चांगल्या पायावर घोडं भार टाकतं तवा मान खाली जाते. दुखरा पाय टेकला की मान वर उचलतं. टांगेवाल्याचा पोर तू, आनि येवढं समजत न्हाय?"

सगळ्यांसमोर बोलले. त्यावर तुमच्यातल्या दोघातिघांनी "उतरला रे उतरला" अशी आरोळी ठोकली आणि बाकीचे हसले. मी पिशवी उचलली आणि आल्या पावली परत गेलो. घरापर्यंतही गेलो नाही. कर्नल खोटं बोलला ते एक वेळ मी समजू शकत होतो, त्याचा त्यात फायदा होता. पण माझ्या बापाला त्या क्षणी माझी चूकच दिसावी? त्या दिवशी मी दोघांवर डूख धरला. आईला निरोप धाडला की कर्नलच्या तोंडून खरं निघेल तेव्हाच मी भाईंदरला पाय ठेवीन. ती बिचारी वर्षातून दोनदा लालबागला माझ्या खोलीवर यायची, बोंबलाची चटणी ठेवून जायची, आणि बाबांचा विषय निघाला की मी पाणी आणायला उठायचो.

नऊ वर्षं गेली. मी रेसची माहिती छापणाऱ्या एका पेपरात चिकटलो, मग कबड्डी, हॉकी, क्रिकेट सगळंच लिहायला लागलो. अर्ध्या भाकरीचं व्रत सुटलं तसं अंग सुटलं. चष्मा लागला, मिशा ठेवल्या. मग मुंबईत टीव्ही आला आणि कागद हातात न धरता बोलू शकणारी माणसं त्यांना हवी होती. रोज पहाटे घोड्यांशी बोललेला माणूस कॅमेऱ्याला काय घाबरणार? बोलण्यातलं हाय-न्हाय गेलं, 'साउंड ओके?' आलं. लोक मला रस्त्यात ओळखायला लागले. मी मात्र एकाच माणसाची वाट पाहत होतो.

कर्नलविरुद्ध मी कधी एक ओळ लिहिली नाही. उलट त्याची स्तुती केली. त्याच्या नजरेची, त्याच्या शिस्तीची. बोकड पोसावा तसा मी त्याला कौतुकावर पोसला. त्याच्या घोड्यानं हंगामातली मोठी रेस जिंकली तेव्हा मुलाखत घ्यायला मीच गेलो, आणि तो खुशीत खुर्ची टाकून बसला. त्यानं मला अजिबात ओळखलं नाही.

मी विचारलं, "साहेब, लोक म्हणतात तुम्हाला लांबूनच घोड्याचं दुखणं कळतं. खरं का?"

बस, तेवढंच विचारलं. पुढचं सगळं त्याचं त्यानं केलं. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "अरे, एक घोडी थी, लेडी पर्ल. रेस जीत के आ रही थी, मैंने स्टँड से देखा, अगला लेफ्ट पैर गया. खतम. और जो लडका उसपे बैठा था, टांगेवाले का लडका, वो पंचों को बोलता है राइट! हम सब इतना हँसे, इतना हँसे!"

आणि तो पुन्हा हसला, नऊ वर्षांपूर्वीसारखाच. मी आभार मानले. कॅमेरा बंद झाल्यावर त्यानं विचारलं, ये कब दिखाओगे? मी वार सांगितला, वेळ सांगितली, आणि मग माझं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, गावासकट. "टांगा," मी म्हणालो. त्याचा चेहरा पाहिला ते आठवून आजही बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

त्यानं टीव्हीच्या केंद्रावर फोन केले म्हणे. पण आमच्या निर्मात्या बाईंना घोड्यातलं काही कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "इतका गमतीदार किस्सा आहे, हा कशाला काढायचा?" किस्सा पूर्ण दाखवला गेला. मुंबईत पुष्कळांनी तो हसत पाहिला. शेटजींनी मात्र न हसता पाहिला. आठवड्याभरात त्यांनी त्यांचे सगळे घोडे कर्नलच्या तबेल्यातून काढले, त्यांच्या मागून आणखी दोघांनी काढले. पुढच्या हंगामात कर्नल रेसकोर्सच्या स्टँडच्या कोपऱ्यात एकटा बसलेला दिसायचा. मी मुद्दाम समोरून जायचो आणि नमस्कार करायचो.

मुलाखत दाखवली त्यानंतरच्या रविवारी मी भाईंदरला आलो. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलो. बाबांनी कार्यक्रम पाहिल्याचं आईनं निरोपात कळवलं होतं. शांतिभाईंच्या घरी टीव्ही होता, त्यांच्या खिडकीबाहेर उभे राहून पाहिला. मला वाटत होतं, आता बाबा मान खाली घालतील. स्टँडवर तुम्ही सगळे होता. रिक्षा आल्या होत्या, टांगे दोनच उरले होते, त्यातला एक आमचा. मी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"ऐकलंत? डावा म्हणाला. स्वतःच्या तोंडानं."

"ऐकला," बाबा म्हणाले. "त्याला पन म्हाईत व्हता, मला पन म्हाईत व्हता. तुलाच तेवढा न्हाय म्हाईत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं वाट पाहून हे? मी वळलोही असतो. पण बाबा घोड्याच्या मानेवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता पुढे बोलले.

"पाय चुकलास. उतरलास ते बराबर केलंस."

"मग हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू थांबलास कुठं?"

कर्नलवर घेतलेल्या सुडाचा मला पश्चात्ताप नाही, उद्या पुन्हा संधी आली तर पुन्हा घेईन. पण बाबांवर धरलेला डूख कुणाकडून वसूल करायचा? त्यांचं एक वाक्य ऐकायचं राहिलं होतं आणि त्यासाठी मी नऊ वर्षं लांब राहिलो. आईचे केस तेवढ्यात पांढरे झाले.

बाबांनी माझी बॅग टांग्यात टाकली. मी पुढे चढायला गेलो. त्यांनी पुन्हा चाबकाचा दांडा मागे दाखवला. "मागं बस. वजन वाढलंय तुझं. पुढं बसलास तर सगळा भार घोड्याच्या पाठीवर येल."

मागे बसलो. आता स्टेशन लहान होत गेलं, नव्या इमारतींचे बांबू मागे पडले, मग मिठागरं आली, तीही पाठमोरी. मी घराकडे चाललो होतो आणि घर मला दिसत नव्हतं. गाव सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना हे कळेल. आपण परत येतो ते असेच, तोंड मुंबईकडे करून.

घोडा थांबला तेव्हा समजलं, घर आलं. आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. मी खाली उतरलो, इस्त्रीच्या बाह्या वर केल्या, आणि आधी घोड्याचा तंग ढिला केला.