फाटकाबाहेरची हाक

"अजून एकदा वरड की गं, म्हातारे," माडीवाल्या मालकीणबाई म्हणाल्या.

मी फाटकाच्या बाहेर. डोक्यावर शिंदीच्या फड्यांचा, म्हणजे केरसुण्यांचा भारा. त्या आत, ओट्यावर. शेजारी त्यांची पुण्याहून आलेली लेक, हातात मोबाइल धरून. माझा आवाज फाटला होता. 'फडे' निघायचं, 'घ्या'च्या जागी नुसती हवा. लेकीला त्याची लई गंमत वाटली.

"कावळा गिळला का गं?" मालकीणबाई हसल्या.

मी अजून एकदा ओरडले. शूटिंग नीट आलं नाही म्हणून पुन्हा ओरडले. राग यायला पाहिजे होता. आला नाही. रडूही नाही. भारा मानेत रुतत होता, तेवढं कळत होतं. शेवटी त्यांनी एक फडा घेतला. म्हणजे मी तो फाटकाखालून आत सरकवला, त्यांनी त्याच्यावर पाणी शिंपडलं, मग उचलला.

अहमदपूरच्या अलीकडं आमचं गाव. फडे वळणारी आमची घरं गावाच्या कडेला. दिवाळीत ह्याच फड्याला लक्ष्मी म्हणून हळदीकुंकू लावतात. पण तो आणणारीनं कुणाच्या दाराची कडी वाजवायची नाही. फाटकाबाहेर थांबायचं, हाक मारायची, आतलं कुणी बाहेर येईस्तोवर मारतच राहायची. हे कुठं लिहिलेलं नाही. मला सासूनं शिकवलं.

आणि मी तरी कसली गुणाची सून! सासू म्हणाली, हाक मागच्या परसातल्या चुलीपर्यंत गेली पाहिजे. मी निघाले शेतात सराव करायला. बांधावर उभी राहून बुजगावण्याला फडे विकायची. पाण्यावर बायकांना सांगायची, "माझी हाक गेली की माडीवरली मांजर बी उठती." काय तो तोरा! कडीला हात लावायची सोय नाही म्हणून गळा फाडत होते आणि बक्षीस मिळाल्यागत मिरवत होते. ती येडी आज भेटली तर तिच्याच भाऱ्यातला फडा काढून तिच्या पाठीत घालीन.

आवाज हळूहळू गेला. आधी घोगरा झाला. फोनवर नात विचारायची, "कोन बाबा बोलायलेत?" पुढं तर सकाळी उठल्यावर आवाजच नसायचा. नातीनं मला एसटीत बसवून नांदेडला नेलं. दवाखान्यात डॉक्टरनं घशात नळी घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणाले, साध्याच. औषधापेक्षा आवाजाचे व्यायाम करा, म्हणून एका पोरसवदा मॅडमकडं पाठवलं.

त्या मॅडमनं पाण्याच्या पेल्यात एक नळी दिली आणि तिच्यातून 'ऊऊ' करत बुडबुडे काढायला लावले. तोंड मिटून हुंकार द्यायचा. श्वास पोटातून घ्यायचा. कुजबुजायचंही नाही, त्यानंही गळ्यावर ताण येतो.

"आज्जे, म्हस पानी प्यायल्यागत वाटायलंय," नात म्हणाली.

मग मॅडम म्हणाल्या, "आणि ओरडणं बंद, आजी. असंच ओरडत राहिलात तर उरलाय तोही आवाज जाईल."

"मग फडे कसे विकू?"

"दारापर्यंत जा. कडी वाजवा. जवळ उभं राहून हळू बोला."

"कडीला आमचा हात चालत न्हाई, मॅडम."

"का?"

उभा जन्म फडे विकण्यात गेला, पण हे 'का' मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. बुडबुड्यांनी आवाज जरासा मोकळा झाला होता. परतीच्या एसटीत तो 'का' हळूच म्हणून बघितला.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी माडीच्या फाटकाशी गेले. सवयीनं छातीत हवा भरली. ती तशीच सोडून दिली. फाटक ढकललं. अंगणात रांगोळी होती, तिच्या कडेकडेनं गेले. दाराची कडी थंडगार. वाजवली.

मालकीणबाईंनी दार उघडलं आणि मागं सरल्या. "आत कशी आलीस? हाक माराय काय झालं?"

"गळ्यावर इलाज चालू हाय."

"काय? ऐकू येईना."

मी आवाज चढवला नाही. तेवढंच हळू पुन्हा बोलले. ऐकायचं म्हणून त्यांनाच उंबऱ्यापर्यंत यावं लागलं.

"बरं बरं. ठेव फडा तिथं खाली. अन् परत असं आत यायचं न्हाई."

"खाली न्हाई ठेवणार. हातात घ्या, बाईसाब."

त्यांचा हात पदराखालून निघाला नाही. मी थांबले. आतून उदबत्तीचा वास येत होता. मग फडा परत भाऱ्यात खोचला आणि वळले.

"सणाच्या दिवशी दारातली लक्ष्मी माघारी नेतीस?" फाटकापर्यंत त्यांचं ओरडणं मागं येत होतं. गळा चांगला आहे त्यांचा. जपला पाहिजे.

त्या दिवशी जवळजवळ सगळा भारा घरी परत आला. आवाज अजून घोगराच आहे. मॅडम म्हणतात, पहिल्यासारखा होणार नाही. ऐकून काही वाटलं नाही. रोज पेल्यात बुडबुडे काढते. परत येईल तेवढा आवाज नातीशी बोलायला ठेवीन. फाटकाबाहेर उभं राहून त्यातला एक शब्दही खर्चणार नाही. मी कडीच वाजवणार. ज्याला फडा पाहिजे त्यानं दार उघडावं आणि हात पुढं करावा. नाहीतर फडा मिळणार नाही.