नंदिनीताईंचे बावीस ग्रॅम

"नवी पोरगी गरीब आहे, तोंडातून शब्द काढत नाही. तिला सांगून देऊ, नंदिनी तुझी मुलगी आहे म्हणून. खतम!"

हे माझ्या सासूबाई त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे मावशींना, स्वयंपाकघरात सांगत होत्या. मी दाराच्या अलीकडे रिकामा तांब्या घेऊन उभी होते. लग्नाला चार दिवस झाले होते. पाणी न भरताच परत फिरले.

लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरात किस्से एवढे का साठतात, ते मला त्या दिवशी कळलं. एक गोष्ट बोलायची नाही असं घराने ठरवलं, की बाकीचं सगळं बोलणं तिच्याच भोवती फिरत राहतं. त्यात मी गप्प. गप्प माणसासमोर लोक फार सैल बोलतात.

तर नंदिनीताई माझ्या सख्ख्या नणंद. माझ्या नवऱ्याहून, प्रशांतहून, चार वर्षांनी मोठ्या. घराने त्यांना मुलगा म्हणून वाढवलं. आपण मुलगी आहोत हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, घराला पटायला वेळ लागला. अजून लागतोच आहे. जुनं नाव मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं राहिलेलं नाही. ताई डार्ट्स खेळतात, भिंतीवरच्या गोल बोर्डावर छोटे बाण फेकायचा खेळ. शौक म्हणून नाही, पोटासाठी. इंदूरच्या एका क्लबात शिकवतात आणि गावोगावच्या स्पर्धा खेळतात.

आणि हे सगळं मला लग्नाआधीपासून माहीत होतं! दुसऱ्या भेटीत, मावा जिलबीची प्लेट मध्ये ठेवून प्रशांतने एका दमात सांगितलं होतं, "मला मोठा भाऊ होता, ती आता माझी बहीण आहे, आणि ती डार्ट्स खेळते." मी विचार केला आणि विचारलं, "डार्ट्स म्हणजे काय?"

तो म्हणतो, त्या प्रश्नावर त्याने लग्न पक्कं केलं.

* * *

आता प्रशांतने आईला सांगायला हवं होतं की सोनलला, म्हणजे मला, माहीत आहे. "सांगतो," म्हणाला. तो अजून सांगतोच आहे.

इकडे सासूबाई कामाला लागल्या होत्या. बैठकीच्या भिंतीवर दोन मुलांचा फोटो होता. मी नुसतं पाहिलं, विचारलं काहीच नाही, तरी त्या म्हणाल्या, "हा प्रशांत. आणि हा शेजारचा." पुढे अल्बम निघाला. शेजारचा मुलगा ओंकारेश्वरच्या सहलीत होता, प्रशांतच्या मुंजीत होता, आणि एका फोटोत पाळण्यातही होता. एवढं पोर सांभाळायला देणारे शेजारी मी तरी पाहिले नव्हते.

ताई महिन्यातून दोनदा यायच्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईला, माझ्यासमोर "मावशी" म्हणायच्या. "मावशी, चहा होईल का?" अगदी पाहुण्यासारखं. एकदा त्यांचा हात तव्याला लागला आणि त्या "आई गं" म्हणून ओरडल्या. आता "आई गं" तर कुणीही ओरडतं. पण सासूबाई माडीवरून "काय झालं बेटा?" करत दोन-दोन पायऱ्या उतरून आल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि थबकून म्हणाल्या, "मला वाटलं मांजर आली."

मी मान हलवली. मांजर असेल.

* * *

ताईंचे जुने किस्से मला सलीमभाईंनी सांगितले. सलीमभाई पॉवरलूमवर काम करतात. तुटलेला धागा जोडणारा हात आहे, म्हणून नेम चांगला आहे असं त्यांचं म्हणणं. ताईंचे शाळेपासूनचे दोस्त. ताई घरात असल्या की माडीवर दोघं तासन् तास खेळतात.

घर सोडल्यावर ताई इंदूरला एका स्नूकर पार्लरच्या काउंटरवर बसायच्या. कोपऱ्यात डार्ट्सचा बोर्ड धूळ खात होता. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा त्या एकट्या फेकत बसायच्या. दोन वर्षं अशीच गेली. एकदा चार पोरांचं टोळकं आलं. त्यातला एक म्हणाला, "ये क्या फेंक रही है, तू तो ताली बजा."

ताई उठल्या, रेषेवर उभ्या राहिल्या, आणि तिन्ही बाण विसाच्या तिप्पटीत घातले. म्हणजे एका फेरीत एकशे ऐंशी. याच्यावर या खेळात काही नाही. मग खुर्चीत बसून म्हणाल्या,

"ताली अब आप बजाइए."

सलीमभाई सांगतात, वाजवली! आणि त्या चौघांतला एक आता ताईंच्या क्लबात फी भरून शिकतो.

* * *

पहिल्या मोठ्या स्पर्धेला शर्टासाठी कुणी प्रायोजक मिळेना. शेवटी तापीकाठचे एक केळीवाले शेठ तयार झाले. अट एकच, पाठीवर केळीचा घड छापायचा, मोठा. शर्ट आला तो असा पिवळाधमक, की ताई गच्चीवर घालून उभ्या राहिल्या तर खालच्या रस्त्यावर रिक्षा हळू व्हायच्या.

भोपाळच्या हॉलमध्ये लोक हसले. कुणी तरी "केलेवाली" म्हणून हाकही मारली. ताईंनी महिला गटात एकामागून एक सहा जणींना हरवलं. शेठ एवढे खूश झाले, की त्यांनी हॉलवर केळी पाठवली. ती ताईंनी स्वतः वाटली, हरलेल्या प्रत्येकीला एक फणी.

पुढच्या वर्षी त्यातल्या दोघींनी शेठचा नंबर मागितला.

* * *

बाबा, म्हणजे माझे सासरे, निवृत्त गणिताचे मास्तर. ताई घराबाहेर पडल्यावर चार वर्षं त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. पण एका स्पर्धेचं प्रक्षेपण फोनवर दिसतं असं प्रशांतने सांगितलं, तर बाबा आतल्या खोलीत दार लावून बसले.

या खेळात पाचशे एकपासून सुरुवात करायची आणि मिळालेले गुण वजा करत शून्यावर यायचं. शेवटचा बाण दुप्पटीच्या पट्टीतच लागला पाहिजे. फळ्यावर वजाबाकी माणूस करतो. ताईंचे एकशे एकवीस उरले होते, त्यांनी साठ मारले, आणि फळ्यावरच्या माणसाने लिहिले एकाहत्तर.

बाबांना ते सहन होईना. मुलीचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. सलीमभाईंचा होता. सलीमभाई तेव्हा हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत. त्यांनी फोन कानाला लावला आणि ताडकन उभे राहिले.

"रुको! मास्तरसाब बोल रहे हैं, इकसठ!"

खेळ थांबला. पंचांनी पाहिलं, आकडा दुरुस्त केला. ताईंनी सलीमभाईंकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. मग पंधराची तिप्पट, आठाची दुप्पट. दोन बाणांत एकसष्ट पूर्ण.

सलीमभाईंनी फोन पुढे केला. चार वर्षांनंतर बाप लेकीशी पहिलं वाक्य बोलला ते हे, "आपली वजाबाकी आपण करायची, दुसऱ्यावर सोडायची नाही."

आता माडीवर सराव असला की फळ्यापाशी खडू घेऊन बाबाच असतात.

* * *

माझ्या लग्नानंतर महिन्याभरात संयोजकांचं पत्र आलं. नियम बदलले आहेत, यापुढे नंदिनी यांना महिला गटात खेळता येणार नाही, त्यांनी खुल्या गटात खेळावं. कारण दिलं होतं ताकदीचं. खुला गट म्हणजे वीस-वीस वर्षं खेळलेले पुरुष. तिथे टिकल्या नाहीत तर स्पर्धा गेल्या, आणि स्पर्धा गेल्या की क्लबातली शिकवणीही गेली.

ताईंनी पत्र वाचून दाखवलं आणि घडी घातली. मी कोथिंबीर निवडत होते. सासूबाईंनी विचारलं, "त्या बाणाचं वजन किती?"

"बावीस ग्रॅम."

"बावीस ग्रॅम उचलायला ताकद? एवढं तर मी वांग्याच्या भाजीत तिखट टाकते!"

मग त्यांना मी दिसले. "म्हणजे मी आपलं म्हणते. बहिणीची मुलगी असली तरी वाईट वाटतंच ना."

ताई माडीवर गेल्या. थोड्या वेळाने भिंतीवर ठक, ठक, ठक सुरू झालं. क्लबातून सुटी काढून त्या इथेच राहिल्या, आणि ते दीड महिना थांबलं नाही.

* * *

खुल्या गटाची स्पर्धा इंदूरला होती. बाबांचा रक्तदाब वाढतो म्हणून ते फोनवर. सासूबाई, मावशी आणि मी बसने गेलो. सासूबाई मला म्हणाल्या, "चल, भाचीचा खेळ बघू." आयुष्यात पहिल्यांदा त्या मुलीचा खेळ बघणार होत्या.

ताई जिंकत गेल्या. एक बँकवाला हरला. एक पोलीस हरला, तो म्हणाला की प्रकाश बरोबर नव्हता. फायनलला समोर मागच्या वर्षीचा विजेता. दोघंही शेवटच्या डावात आले आणि ताईंचे बत्तीस उरले. बाबांनी मला आधीच समजावून ठेवलं होतं, बत्तीस हा शहाणा आकडा आहे, चुकलात तरी निम्मा होत जातो.

पहिला बाण बाहेर. दुसरा सोळाच्या एकेरीत, म्हणजे उरले सोळा. सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला होता आणि पदराआडून विचारत होत्या, झालं का, झालं का. तिसरा बाण आठाच्या दुप्पटीत.

झालं!

मी आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर उभी राहिले. मला कुणी पाहिलं नाही, कारण सगळेच उभे होते.

मग बक्षीस समारंभ. माइकवाला म्हणाला, "विजेता की माताजी मंच पर पधारें."

सासूबाई अर्ध्या उठल्या. माझ्याकडे पाहिलं. परत बसल्या. आणि मावशींना कोपर मारून म्हणाल्या, "जा. तू जा."

मावशी गेल्या! नुसत्या गेल्या नाहीत, केस नीट करून गेल्या, हार घालून घेतला, आणि माइक हातात आला तर म्हणाल्या, "लहानपणापासून मीच हिच्यावर मेहनत घेतली." ताई मंचावरून आमच्या रांगेकडे पाहत होत्या. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या, आणि मी त्यांच्या हातांकडे पाहत होते, कारण चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, "विजेत्या नंदिनी, आपल्या मातोश्रींसह." सासूबाईंनी तो कात्रीने कापून देवघरात ठेवला. मावशींची बाजू घडी घालून मागे वळवली होती.

त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या गप्प बसण्याची लाज वाटली. ती घडी माझ्यामुळे पडली होती.

* * *

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, घरच्यांनीच खायचे, दुसऱ्या घरच्याला द्यायचे नाहीत. आणि गहू मोजायची रीत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. बायकांची मूठ नसते. बायकांनी मोजायचे, दळायचे, लाटायचे.

माझी पहिलीच कानबाई. आदल्या दिवशी दुपारी भाऊबंदकीतल्या बायका बैठकीत जमल्या. मधोमध गव्हाचं सूप. मावशीही बघायला येऊन बसल्या होत्या. ताई सकाळीच इंदूरहून आल्या होत्या, पण गहू मोजायच्या वेळी माडीवर गेल्या. दरवर्षी जातात, हे मला प्रशांतने सांगितलं होतं. कारण दरवर्षी सासूबाई तिसरी मूठ काढतात, जुन्या नावाची. नाव उच्चारत नाहीत, पण मूठ काढतात. देवीचं कमी पडू नये म्हणून.

यंदा आणखी एक अडचण होती. ताई मावशींची मुलगी, म्हणजे माझ्यासमोर त्यांना रोट देता येणार नव्हते. सासूबाई शेजारी बसलेल्या एका काकूंच्या कानाशी कुजबुजल्या, "तिचं पान गुपचूप वर नेऊन देईन. नवीला कळणार नाही." नवी त्यांच्या मागेच परात घेऊन उभी होती.

पहिली मूठ बाबांची. दुसरी प्रशांतची. सासूबाईंचा हात तिसऱ्यांदा गव्हात गेला. बायका दुसरीकडे बघू लागल्या, कुणी बांगड्यांकडे, कुणी पंख्याकडे. माडीवर काही आवाज नव्हता.

मी परात खाली ठेवली आणि सासूबाईंचं मनगट धरलं. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाही माहीत नव्हतं.

"आई, दोनच. पोरींची मूठ आपल्यात घेत नाहीत. आणि घरची पोरगी वर काय करतेय? बोलवा तिला खाली, रोट लाटायला हात कमी पडताहेत."